उतरणारा जिना

गुडघे दुखायला लागले की माणसाचा मुंबईचा नकाशा बदलतो. कुठल्या स्टेशनात कुठल्या टोकाला सरकता जिना आहे, त्याच्यासमोर कितवा डबा लागतो, तो दुपारी सुरू असतो की नाही, लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या मध्यावर आहे की पार दुसऱ्या टोकाला, हे सगळं तोंडपाठ होतं. माझी आत्या गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्याकडे यायचं ठरलं की ती गाडीची वेळ विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडचा जिना चालू आहे ना गं?"

ज्यांचे पाय अजून धड आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही, आणि तसा तो पडायचं कारणही नाही. पण मुंबईत चढउतार कुणालाच चुकलेली नाही. रेल्वेने हे शहर उभं चिरून पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. लोकलने कुठेही जायचं म्हटलं की निदान एका टोकाला तरी पूल आलाच. वर चढा, पूल ओलांडा, खाली उतरा. गाडी बदलायची असेल तर पुन्हा तेच. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाणाऱ्याला विचारा, त्याच्या दिवसातले किती मजले नुसत्या पुलांवर जातात ते. दहा मजली इमारतीत लिफ्ट नसेल तर तिथे कुणी घर घेणार नाही. रोज तेवढंच चढणाऱ्या-उतरणाऱ्या लाखो लोकांसाठी स्टेशनांवर मात्र कित्येक वर्षं फक्त दगडी आणि लोखंडी पायऱ्या होत्या.

सरकत्या जिन्याची जुनी हकिकत वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ज्यांना चढणं जड जातं त्यांच्यासाठी तो सुरुवातीला जन्मलाच नव्हता. 1859 मध्ये अमेरिकेत नेथन एम्स नावाच्या गृहस्थाने 'फिरत्या पायऱ्यां'चं पेटंट घेतलं, पण ते कागदावरच राहिलं. प्रत्यक्ष यंत्र उभं केलं जेसी रेनोने. 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, समुद्राकाठच्या जत्रेसारख्या गर्दीत. त्याला पायऱ्या नव्हत्या. तो तिरका सरकणारा पट्टा होता आणि चढण जेमतेम दोन मीटरची, म्हणजे आपल्याकडच्या पोटमाळ्याएवढी. दोन आठवड्यांत सुमारे 75 हजार लोक त्यावर चढले असं सांगतात. वर काही काम होतं म्हणून नव्हे, चढायची मजा घ्यायची म्हणून.

तिथून तो दुकानात गेला. 1898 मध्ये लंडनच्या हॅरॉड्सने चामड्याचा सरकता पट्टा बसवला, बाजूला महोगनीचे कठडे. वर पोचल्यावर घाबरलेल्या गिऱ्हाइकांना सावरायला ब्रँडी दिली जायची. दुकानदाराचा हिशेब सरळ होता. माणूस जिना चढायचा कंटाळा करतो, म्हणून वरच्या मजल्यावरचा माल पडून राहतो. माणसालाच अलगद वर आणून सोडलं तर वरचा मजलाही तळमजल्यासारखा चालतो. मोठ्या दुकानांची अख्खी रचना पुढे याच हिशेबावर बेतली गेली. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना सगळा मजला फिरून यावं लागेल, अशा बेताने जिने ठेवण्याची पद्धतही त्यातलीच.

आज आपण ज्यावर उभे राहतो तो जिना दोन वेगळ्या कल्पनांचं लग्न आहे. चार्ल्स सीबर्गरच्या जिन्याला खऱ्या, सपाट पायऱ्या होत्या. ओटिस कंपनीबरोबर त्याने तो 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला आणि बक्षीस मिळवलं. पण त्याच्या सपाट पायऱ्या शेवटी जमिनीखाली जाताना पाय अडकण्याची भीती, म्हणून लोकांना तिरकं, बाजूला उतरावं लागे. रेनोच्या पट्ट्याला उभ्या खाचा होत्या आणि शेवटी त्या खाचांत घुसणारे फणीचे दात. त्यामुळे पाऊल आपोआप उचललं जाऊन पुढे सरकायचं. 1920 च्या सुमारास ओटिसने दोन्ही एकत्र केलं. सीबर्गरच्या पायऱ्या, रेनोच्या खाचा आणि फणी. शंभर वर्षं झाली, मूळ घडण तीच आहे.

पुढच्या वेळी घाई नसेल तेव्हा खालच्या तोंडाशी जरा बाजूला उभं राहून बघा. फणीच्या दातांखालून पहिली पायरी बाहेर येते तेव्हा ती जमिनीला समतल असते. तिच्या मागची पायरीही समतल. दोन-तीन पायऱ्या अशा सपाट सरकत जातात आणि मग एकेक करून उठायला लागतात. प्रत्येक पायरीला चाकांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी साखळीला जोडलेली, दुसरी मागे मोकळी, आणि दोन्हींचे रूळ वेगळे. रूळ एका पातळीत आले की पायऱ्या सपाट होतात, एकमेकांपासून दूर गेले की उंच होतात. वर पोचलेली पायरी पोटात शिरते आणि उलटी होऊन खालून परत येते. कठड्यावरचा काळा रबरी पट्टा वेगळ्या चाकावर फिरतो, म्हणून कधीकधी हात पायांच्या किंचित पुढे जातोय असं वाटतं. आणि कडेला जे ब्रश लावलेले असतात ते बूट पुसायला नाहीत. तिथे पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये बारीक फट असते. मऊ रबरी चप्पल तिला टेकली की आत ओढली जाते. ब्रश लागला की पाय आपण होऊन आत घेतला जावा, एवढ्यासाठी तो आहे. लहान मुलांना हे आवर्जून सांगायला हवं. आपल्याकडे पावसाळ्यात अर्ध्या गर्दीच्या पायांत रबरी चपलाच असतात.

मुंबईतही तो आधी खरेदीच्या वाटेनेच सामान्य माणसापर्यंत आला. 1999 मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला. गर्दी इतकी लोटली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनाच आत सोडायचा नियम काही काळ लागू झाला होता. त्या वर्षी मोबाइल किती घरांत होता? माणूस आत जायच्या लायकीचा आहे की नाही हे खिशावरून ठरवायचं, आणि तेही सरकत्या जिन्याच्या दारात, याचा मला आजही राग येतो. त्या दिवसांत पुष्कळ लोक मॉलमध्ये काही विकत घ्यायला जात नसत, जिना बघायला जात. आमच्या घरचेही गेले होते, एका दुसऱ्या मॉलमध्ये. आई, आत्या, काकू, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. मुलं केव्हाच वर पोचली होती. बायका खाली थांबून एकेकीकडे बघत होत्या. आत्याने डाव्या हाताने निऱ्या वर धरल्या, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पिवळ्या रेषेची एक पायरी हेरून पाऊल टाकलं. वर पोचेपर्यंत तिने डोळे पायांवरून हलवले नाहीत. उतरल्यावर म्हणाली, "हे आमच्या चाळीत पाहिजे."

हे तिचं म्हणणं मी विसरले नाही. चाळीचे लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात. अंधाऱ्या वळणावर धरायला दोर बांधलेला असतो आणि मधल्या पायऱ्या पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. तिथून पाण्याच्या कळश्या, गॅसचे सिलिंडर, आजारी माणसं, गणपती, सगळं वरखाली होतं. ज्यांच्या आयुष्यात चढण सर्वात जास्त, त्यांच्या वाट्याला यंत्र सर्वात शेवटी. मॉलमधल्या गार हवेत ते उगाचच फिरत होतं.

रेल्वे स्टेशन ही सरकत्या जिन्याची खरी जागा आहे हे लंडनला फार लवकर कळलं. तिथल्या भुयारी रेल्वेत पहिले सरकते जिने 1911 मध्ये अर्ल्स कोर्टला लागले. पण हयगय केली तर हेच यंत्र जीव घेतं, हेही लंडननेच पाहिलं. 18 नोव्हेंबर 1987 ला संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्टेशनात जुन्या लाकडी सरकत्या जिन्याखाली पेटती काडी पडली. खाली वर्षानुवर्षं साचलेलं ग्रीस, कागदाचे कपटे, धुळीचे पुंजके. जिन्याच्या तिरक्या पन्हाळीतून ज्वाळा लाकडाला चिकटून वर धावल्या आणि तिकीटघरात एकदम भडका उडाला. 31 माणसं गेली. त्यानंतर तिथले लाकडी जिने काढत गेले, शेवटचा 2014 मध्ये निघाला. झाडू मारणं आणि तेलपाणी ही कामं कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण जिना सुरक्षित असतो तो त्यांच्या जिवावर.

आपल्याकडे लोकलच्या स्टेशनांवर सरकते जिने दिसू लागले ते 2010 नंतरच्या दशकात. दादर, ठाणे, घाटकोपर, अंधेरी, एकेक करत. 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि ते रोजचेच झाले. मग आला 29 सप्टेंबर 2017 चा दिवस. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ जोडणारा अरुंद पूल, सकाळची वेळ, वरून पाऊस. भिजायला नको म्हणून लोक पुलावरच थांबले, मागून गाड्यांची माणसं येत राहिली, आणि जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. ऑफिसला निघालेली माणसं, पायऱ्यांवर. परळ-प्रभादेवीच्या बाजूला ज्यांची रोजची ये-जा होती त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाटलं असेल की त्या जिन्यावर मीही असू शकले असते. मलाही वाटलं.

त्यानंतर रेल्वेने एक निर्णय घेतला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तोवर पादचारी पूल 'प्रवासी सुविधा' या खात्यात धरले जायचे. बाकडी, पंखे, पाणपोई यांच्या रांगेत. दुर्घटनेनंतर ते अत्यावश्यक धरायचं ठरलं आणि मुंबईच्या गर्दीच्या स्टेशनांसाठी जास्तीचे सरकते जिने मंजूर झाले. एल्फिन्स्टनचा नवा पूल लष्कराने काही महिन्यांत उभारून दिला. एवढी साधी गोष्ट पटायला 23 जीव जावे लागले, हे मनातून जात नाही.

जिने वाढले, पण त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हेही समजून घ्यायला हवं. एक मीटर रुंदीचा, सेकंदाला अर्धा मीटर सरकणारा जिना तासाला साधारण सहा हजार माणसं नेतो असं धरतात. म्हणजे मिनिटाला शंभर. आता संध्याकाळी भरलेली लोकल आठवा. एका गाडीतून पाचशे माणसं उतरली तरी एकट्या सरकत्या जिन्याला पाच मिनिटं हवीत, आणि मागची गाडी त्याआधीच येऊन उभी राहते. म्हणून रुंद पायऱ्या लागणारच. सरकता जिना बसवायला पायऱ्यांची रुंदी खाल्ली तर गर्दीचं दुखणं वाढतं. लंडनमध्ये 2015 च्या अखेरीस होलबर्न स्टेशनात प्रयोग केला होता. तिथे उजवीकडे उभं राहायचं आणि डावीकडून चालायचं ही जुनी शिस्त. उंच जिन्यावर चालणारे कमीच, त्यामुळे डावी बाजू रिकामी जाते. दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगितल्यावर जास्त माणसं वर गेली. आपल्याकडे हा प्रयोग कुणी न सांगता रोज चालू आहे. दादरला संध्याकाळी सात वाजता प्रत्येक पायरीवर दोघं असतात, आणि त्यात पिशव्या, पाठीवरच्या बॅगा, फुलबाजारातून घेतलेले हार. डोक्यावर डब्यांचा क्रेट घेतलेला डबेवाला मात्र बाजूच्या दगडी पायऱ्यांनीच जातो. त्याला तेच सोयीचं.

बंद पडलेला सरकता जिना ही वेगळीच अडचण आहे. बरेचदा तो बिघडलेला नसतोच. कुणीतरी येताजाता लाल बटण दाबलेलं असतं, गंमत म्हणून, आणि किल्ली असलेला माणूस येईपर्यंत यंत्र उभं. पुष्कळांना वाटतं, बंद पडला तर काय झालं, पायऱ्या तर आहेतच. पण त्या पायऱ्या चढण्यासाठी घडवलेल्याच नाहीत. सार्वजनिक इमारतीतली साधी पायरी साधारण 15 सेंटिमीटर उंच असते, सरकत्या जिन्याची 20 च्या वर. शिवाय सुरुवातीच्या आणि शेवटच्या पायऱ्यांची उंची असमान. ज्याला आधीच त्रास आहे त्याच्यासाठी ही सर्वात वाईट चढण.

त्यात शरीरही फसतं. बंद जिना आहे हे दिसत असूनही पहिलं पाऊल टाकताना झोक जातो, हा अनुभव सगळ्यांना असेल. रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टाइन या संशोधकांनी 2003 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आधी सरकत्या फळीवर पुन्हा पुन्हा चालायला लावलं, मग स्पष्ट सांगितलं की आता फळी हलणार नाही. तरी पाऊल टाकताना त्यांचा वेग वाढला आणि अंग पुढे झुकलं. डोक्याला कळलेलं पायांना कळत नाही. तरुण माणूस सावरतो. सत्तरीच्या बाईला सावरायला कठडा लागतो, आणि बंद जिन्याच्या कठड्यापर्यंत तिला गर्दी पोचू देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते. मी वापरते त्या बहुतेक स्टेशनांवर सरकते जिने फक्त वर जातात. जिना म्हणजे चढायचं संकट, उतरणं काय, सोपं, असं त्यामागे कुठेतरी धरलेलं आहे. दुखऱ्या गुडघ्यांचं गणित उलटं असतं. चढताना धाप लागते, थांबता येतं. उतरताना सगळा भार वाकलेल्या एका गुडघ्यावर तोलत दुसरा पाय खाली टाकायचा असतो. मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला वजन पेलावं लागतं आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. शिवाय पडलो तर तोंडावर, खालपर्यंत. आत्या चढताना कुरकुर करते, उतरताना गप्प होते. एकेका पायरीवर दोन्ही पाय आणते, कठडा सोडत नाही, आणि मागून येणारे "चला मावशी, चला" म्हणतात. ते वाईट नसतात. त्यांची गाडी सुटत असते.

आमच्या स्टेशनवर संध्याकाळी जे दिसतं ते असं. पुलावरून रस्त्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या माणसांनी गच्च भरलेल्या. त्यांना लागून सरकता जिना आहे, तो रस्त्याकडून पुलावर चढतो. त्या वेळी शहराकडे जाणारे थोडेच, म्हणून त्यावर पाच-सहा माणसं. सगळा लोंढा घरी परतणारा, म्हणजे उतरणारा. यंत्र चालू आहे, वीज जळते आहे, आणि ज्या दिशेने माणसं आहेत त्याच्या उलट ते फिरतं आहे.

सरकत्या जिन्याची दिशा बदलता येते. त्यासाठी नवी मोटर लागत नाही. जिना रिकामा करायचा, थांबवायचा आणि किल्ली दुसरीकडे फिरवून सुरू करायचा. हाँगकाँगमध्ये डोंगरउतारावरच्या वस्तीतून खालच्या बाजारपेठेत नेणारी सरकत्या जिन्यांची आठेकशे मीटर लांबीची माळ 1993 पासून आहे. सकाळी लोक कामावर उतरतात तेव्हा ते जिने खाली जातात. दहानंतर दिशा बदलते आणि मध्यरात्रीपर्यंत ते वर जातात. वेळापत्रकच तसं आहे आणि वस्तीला ते पाठ आहे. कोलंबियात मेदेयीन शहराच्या कोमुना 13 या डोंगरावरच्या गरीब वस्तीत 2011 मध्ये उघड्यावर सरकते जिने बांधले, 28 मजल्यांएवढी चढण सहा टप्प्यांत. पैसे पडत नाहीत. तिथली म्हातारी माणसं आधी घराबाहेर पडावं की नाही याचा विचार करत, तोच विचार आत्या करते. मेदेयीनने दुकानातलं यंत्र उचलून चाळीला दिलं, असंच मला ते वाचताना वाटलं.

गिरगावात आता भुयारी मेट्रो आली. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि आत्याच्या घराजवळ स्टेशन आलं. मी तिला मुद्दाम घेऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा तिथला खाली जाणारा सरकता जिना चालू होता. तिने सवयीने निऱ्या धरल्या, पाऊल टाकलं आणि जिना खाली सरकायला लागल्यावर माझ्याकडे वळून बघितलं. "गुडघा दुखला नाही गं," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढच्या पायरीवरची मुलगी हसली. मेट्रोत जे जमतं ते लोकलच्या स्टेशनात जमवायला तिथली गर्दी, अरुंद पूल, जुने प्लॅटफॉर्म आडवे येतात, हे मला मान्य आहे. नवा जिना मागणं म्हणजे वर्षं मोजणं. पण आहे तो जिना संध्याकाळी उलटा फिरवायला जागा लागत नाही.

हरकती आहेत. वरच्या तोंडाशी लोंढा एकदम आला तर रेटारेटी होईल, म्हणून तिथे माणूस उभा हवा आणि रांग लावायला कठडा हवा. खालच्या टोकाला रिक्षा आणि फेरीवाल्यांनी मोकळी जागा सोडायला हवी, नाहीतर उतरणारी माणसं तिथेच तुंबतील आणि मागचा जिना त्यांना ढकलत राहील. हे धोकादायक आहे, यात शंका नाही. दिशा बदलल्याचा दिवा लांबून दिसायला हवा. ज्यांना संध्याकाळी वर चढायचं आहे अशा दुखऱ्या पायांच्या माणसांसाठी लिफ्ट चालू असायलाच हवी. चाकाच्या खुर्चीला तर सरकता जिना कुठल्याच दिशेने उपयोगाचा नाही, लिफ्टच लागते.

हे सगळं एका पानावर लिहून मी आणि आमच्या इमारतीतल्या काही जणांनी अर्ज दिला आहे. आत्या आमच्या स्टेशनची रोजची प्रवासी नाही, तरी तिने सही केली. महिनाभर करून बघा, नाही जमलं तर परत फिरवा, असं त्यात म्हटलं आहे. वेळही आम्हीच सुचवली आहे, संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा.